‘कल्याण’ सर्च केल्यावर नेमकं काय सापडतं? कीवर्ड, एसईओ आणि आपली शहरं

गुगलला नुसता ‘कल्याण’ हा शब्द दिला, तर त्याने काय समजायचं? मध्य रेल्वेचं जंक्शन, दागिन्यांची दुकानं, संगीतातला राग, समाज कल्याण विभागाची योजना, की मटक्याचा आकडा? आपल्याला हा प्रश्न पडत नाही, कारण आपण रोज तिथे उतरतो किंवा तिथून गाडी पकडतो. सर्च इंजिनला मात्र आधी फक्त अक्षरं दिसतात. अर्थ त्याला आजूबाजूच्या शब्दांवरून आणि तुम्ही कुठे उभे आहात त्यावरून काढावा लागतो.

ठाण्याची गंमत आणखी वेगळी. ‘ठाणे’ म्हणजे शहर, जिल्हा आणि पोलीस ठाणंसुद्धा. ‘ठाणे नगर पोलीस ठाणे’ या नावात एकच शब्द दोनदा येतो, दोन वेगळ्या अर्थांनी. डोंबिवली हे नाव त्या मानाने सरळ आहे. पण ‘डोंबिवली फास्ट’ शोधणाऱ्याला आठ-बाराची लोकल हवी आहे की निशिकांत कामत यांचा २००५ चा सिनेमा, हे कसं कळणार?

हे सगळे शब्द म्हणजे कीवर्ड. ‘कीवर्ड टाका, रँक वाढवा’ असं सांगणारे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतीलच. त्यात अर्धंच सांगितलेलं असतं. कीवर्डमुळे एखादं पेज तुमच्या प्रश्नासमोर येऊ शकतं. त्या पेजवर उत्तर आहे की नाही, हा वेगळा मुद्दा आहे. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या पट्ट्यात या फरकाची किंमत लोकांना कधी काही हजारांत मोजावी लागते, तर कधी अख्ख्या फ्लॅटएवढी.

सर्च इंजिन शब्द मोजतं कसं?

पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते. शब्द आणि त्यापुढे पान नंबर. सर्च इंजिनचा पाया तोच आहे. प्रत्येक शब्दासमोर तो कुठल्या पेजवर आला याची यादी तयार असते. तुम्ही ‘डोंबिवली वॉशिंग मशीन रिपेअर’ टाईप केलंत की या याद्या जुळवून पाहिल्या जातात.

पण सगळ्या शब्दांचं वजन सारखं नसतं. कॅरन स्पार्क जोन्स या ब्रिटिश संशोधक बाईंनी १९७२ मध्ये एक साधी गोष्ट मांडली: जो शब्द जवळजवळ प्रत्येक मजकुरात येतो, तो शोधायला फारसा उपयोगाचा नसतो आणि जो क्वचित येतो, तो जास्त माहिती देतो. ‘आहे’ हा शब्द सगळीकडे असतो, त्यामुळे त्याला वजन नाही. ‘डोंबिवली’ला आहे. ‘ठाकुर्ली’ला त्याहून जास्त.

दुसरी गोष्ट, तोच शब्द पुन्हा पुन्हा लिहून फायदा त्याच प्रमाणात वाढत नाही. जुन्या आणि आजही वापरात असलेल्या सूत्रांमध्येसुद्धा पहिल्या दोन-तीन उल्लेखांना किंमत असते, पुढे ती झपाट्याने कमी होत जाते. भाजीत मीठ घालण्यासारखंच आहे हे. चिमूटभर हवंच, मूठभर घातलं तर ताट बाजूला सरकवलं जातं.

तिसरी गोष्ट खास मराठीची. आपल्याकडे शब्द रूप बदलतो. ठाणे, ठाण्यात, ठाण्याला, ठाण्याहून. इंग्रजीत शहराचं नाव सगळीकडे तसंच राहतं, मराठीत ‘ठाणे’चं ‘ठाण्या’ होतं. त्यात कोणी डोंबिवली लिहितं, कोणी डोंबीवली, आणि बरेच जण मराठीच इंग्रजी अक्षरांत टाईप करतात. मशीनसाठी हे सगळे धागे एकत्र जोडणं सोपं नसतं.

कोंबाकोंबीचा काळ आणि त्यावरचे उपाय

वेबच्या सुरुवातीच्या काळात पेजच्या कोडमध्ये एक लपवलेली जागा असायची, तिथे कीवर्डची यादी लिहायची. वाचणाऱ्याला ती दिसत नसे. साहजिकच लोकांनी तिथे वाटेल ते भरलं. गुगलने सप्टेंबर २००९ मध्ये जाहीरच करून टाकलं की रँकिंगसाठी आपण हा कीवर्ड टॅग वापरत नाही. तरीही ‘मेटा कीवर्ड भरून देतो’ असं सांगून पैसे घेणारे आजही भेटतात.

मग लोकांनी दिसणाऱ्या मजकुरातच शब्द कोंबायला सुरुवात केली. २०११ मध्ये गुगलचं पांडा अपडेट आलं, त्याचा फटका पातळ, उचललेल्या मजकुराला बसला. २०१२ मध्ये पेंग्विन आलं, त्याने विकतच्या लिंका आणि कीवर्डची कोंबाकोंबी पकडायला सुरुवात केली. ऑक्टोबर २०१९ मध्ये बर्ट आलं. शब्द सुटा न बघता तो वाक्यात कुठे आणि कशासाठी आलाय हे बघणारं हे मॉडेल. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ते ७० हून जास्त भाषांच्या सर्चमध्ये वापरायला सुरुवात झाली, त्यात मराठीही होती.

गुगलचे स्पॅमचे नियम वाचलेत तर एक उदाहरण अगदी ओळखीचं वाटेल. ज्या शहरांसाठी रँक हवी आहे, त्या शहरांच्या नावांचे गठ्ठे पेजवर टाकणं हा कीवर्ड कोंबण्याचाच प्रकार मानला जातो. आता आपल्याकडच्या कुठल्याही पेस्ट कंट्रोल किंवा पॅकर्स अँड मूव्हर्सच्या साईटवर तळाशी जाऊन बघा: ठाणे, कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर. लोकलच्या इंडिकेटरवर दिसते तशी यादी! काही जण याच्याही पुढे जातात. प्रत्येक स्टेशनसाठी वेगळं पेज, मजकूर शब्दशः तोच, फक्त गावाचं नाव बदललेलं आणि सगळीकडे फोन नंबर एकच. याला गुगल ‘डोअरवे’ म्हणतं. दारं दहा दिसतात, आत खोली एकच असते. हेही नियमांत बसत नाही.

नाव शहराचं, चार्ट मटक्याचा

आता मघाचा ‘कल्याण’ घ्या. ‘कल्याण मटका’ हे नाव आपल्या शहरावरून पडलेलं नाही. कल्याणजी भगत नावाच्या माणसाने १९६२ मध्ये हा धंदा मुंबईत सुरू केला, त्याच्या नावावरून ते पडलं. म्हणजे योगायोग फक्त नावाचा. पण सर्च इंजिनसमोर दोन्ही ‘कल्याण’ एकाच अक्षरांत उभे राहतात.

मटक्याच्या साईट्स कोणते शब्द वापरतात ते बघा: चार्ट, रिझल्ट, ओपन, क्लोज, मार्केट, लाईव्ह. यातला एकही शब्द फक्त जुगाराचा नाही. कल्याणच्या कॉलेजचा रिझल्ट शोधणारी मुलगी, कृषी उत्पन्न बाजार समितीच्या मार्केटमधला भाव शोधणारा दुकानदार, आज दुकानं ओपन आहेत का बघणारं कोणीही हेच शब्द टाईप करणार. शिवाय या साईट्सवर रोज नवा आकडा चढतो, म्हणजे पेज सतत ताजं. आणि असे धंदे करणारे शेकडो पेजेस एकाच साच्यात काढतात.

महाराष्ट्रात मटका बेकायदा आहे. त्यावरचा मूळ कायदा १८८७ चा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा केंद्राचा कायदा ऑगस्ट २०२५ मध्ये झाला. पण कायदा कोर्टात चालतो आणि कीवर्ड सर्व्हरवर. बेटिंगवाल्यांची आणखी एक पद्धत आहे: भरवशाच्या साईटमध्ये शिरून तिथे आपली पानं टाकायची. भारतातल्या सरकारी साईट्सच्या सुमारे चार डझन लिंका बेटिंगकडे वळत असल्याचं टेकक्रंच या न्यूज साईटने २०२४ मध्ये उघड केलं होतं. सरकारी साईटच्या पत्त्याला सर्चमध्ये वजन असतं. ते वजन आयतं मिळालं की नुसते कीवर्ड पुरतात.

म्हणून सर्चमध्ये सरकारी पत्ता दिसला तरी क्लिक केल्यावर आपण कुठे पोचलो हे वरच्या बारमध्ये बघायचं. पत्ता बदलला असेल तर मागे फिरायचं.

खरी अडचण: रिकामी जागा

तुम्ही म्हणाल, बर्ट आलं, एआय आलं, आता सर्च इंजिन अर्थ समजतं ना? समजतं. पण निवड करायला समोर चार चांगली पानं असावी लागतात. क्रिकेटच्या स्कोअरवर हजारो पानं आहेत, तिथे कोंबलेलं पेज आपोआप मागे पडतं. ‘टिटवाळ्यात जन्मदाखल्याची दुरुस्ती कुठे होते’ या प्रश्नावर किती जणांनी नीट मराठीत लिहिलं असेल? जिथे लिहिलेलंच नाही, तिथे ज्याने फक्त शब्द जुळवले तो पहिला येतो. स्पर्धाच नसते.

मायकल गोलेबिएव्स्की आणि डॅना बॉइड यांनी २०१८ मध्ये अशा जागांना नाव दिलं, त्याचा सरळ अर्थ ‘माहितीची पोकळी’. मे २०२४ मध्ये ही पोकळी जगाला दिसली. गुगलने अमेरिकेत सर्चच्या वर एआयचं उत्तर दाखवायला सुरुवात केली आणि ‘रोज किती दगड खावेत’ या प्रश्नावर एआयने खरोखरच दगड खायचा सल्ला दिला. कारण असा प्रश्न कोणी गंभीरपणे विचारत नाही, त्यामुळे त्यावर लिहिलेलं जवळपास काही नव्हतं. होता तो एक विनोदी लेख, मशीनने तोच उचलला. गुगलनेही खुलासा करताना माहितीच्या पोकळीचंच कारण दिलं होतं.

ही एआय उत्तरं ऑगस्ट २०२४ पासून भारतातही आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाखांच्या वर होती आणि कल्याण-डोंबिवलीची १२ लाखांच्या वर. आज ती कितीतरी जास्त असणार. एवढी माणसं, पण त्यांच्या रोजच्या प्रश्नांवर नीट लिहिलेली मराठी पानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पाणी कुठल्या वॉर्डात बंद आहे, याची नोटीस कित्येकदा कागदाचा फोटो म्हणून व्हॉट्सॲपवर फिरते. व्हॉट्सॲपवरचा फोटो सर्चमध्ये येत नाही. मग ‘डोंबिवली पाणी बंद’ शोधणाऱ्याच्या हाती जुनी बातमी लागते किंवा टँकरवाल्याची जाहिरात.

‘रेरा’ हा कीवर्ड आणि ६५ इमारती

या भागात सगळ्यात महागडा कीवर्ड कुठला? माझ्या मते ‘रेरा’. घर बघणारा प्रत्येक जण टाईप करतो, ‘डोंबिवली टू बीएचके रेरा रजिस्टर्ड’. हे माहीत असल्यामुळे प्रत्येक प्रॉपर्टी पेजवर तो शब्द असतोच.

आता घडलेलं बघा. कल्याण-डोंबिवलीत ६५ इमारतींसाठी महापालिकेच्या बनावट बांधकाम परवानग्या दाखवून महारेराचं रजिस्ट्रेशन मिळवलं गेल्याचं प्रकरण बाहेर आलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने या इमारती पाडायचे आदेश दिले. घर घेतलेल्या कुटुंबांवर छप्पर जायची वेळ आली. रेरा नंबर खोटा नव्हता, तो महारेराच्याच नोंदीत होता. त्यामागचा कागद खोटा होता.

हा घोटाळा सर्च इंजिनने केला नाही. पण तो शब्द बघून निर्धास्त व्हायची आपली सवय इथे उघडी पडली. सर्च इंजिन पेजवर ‘रेरा रजिस्टर्ड’ लिहिलंय का आणि पेज त्या विषयावर आहे का एवढंच बघू शकतं. महापालिकेच्या नगररचना विभागातली फाईल ते उघडत नाही. कीवर्ड हा दावा असतो, पुरावा नसतो.

ठिकाणांच्या नावांचंही तसंच. ‘ठाणे’ या शब्दाला जास्त भाव आहे म्हणून शहराची हद्द जाहिरातीत रबरासारखी ताणली जाते. ‘अप्पर ठाणे’ हे नाव ऐकून घोडबंदर रोड डोळ्यांसमोर येईल, पण ते आहे भिवंडी तालुक्यात, अंजूर-माणकोलीच्या बाजूला. जागा वाईट आहे असं नाही. पण जाहिरातीतल्या नावावरून रोजची लोकल, रिक्षा आणि पाण्याचा हिशेब करू नका.

तुमचं काही ऑनलाईन असेल तर

समजा तुमचे काका डोंबिवलीत वॉशिंग मशीन दुरुस्त करतात आणि साईट तुम्ही बनवताय. पहिला मजकूर बहुतेक असा होतो: ‘बेस्ट वॉशिंग मशीन रिपेअर डोंबिवली, वॉशिंग मशीन सर्व्हिस कल्याण, वॉशिंग मशीन रिपेअर ठाणे.’ याऐवजी हे बघा:

‘मशीन पाणी सोडत नाही, टब फिरत नाही किंवा फिरताना खूप आवाज येतो? दुकान डोंबिवली पूर्वेला, मानपाडा रोडवर. ठाकुर्ली, एमआयडीसी आणि पलावापर्यंत घरी येतो. ठाण्याला येत नाही. तपासणीचे ३०० रुपये, काम केलं तर बिलातून वजा.’

इथे कीवर्ड आहेतच, पण ते गिऱ्हाईकाच्या तोंडचे आहेत. घरातलं माणूस ‘ड्रेन पंप रिप्लेसमेंट’ शोधत नाही, ‘मशीन पाणी सोडत नाही’ असं शोधतं. आणि ‘ठाण्याला येत नाही’ हे वाक्य तर फुकटचे फोन वाचवतं.

बाकी थोडक्यात:

• मुख्य शब्द पेजच्या टायटलमध्ये आणि पहिल्या परिच्छेदात एकदा नीट येऊ द्या. पुढे मराठीत जसा येईल तसा: डोंबिवलीत, डोंबिवलीहून, डोंबिवलीकर. प्रत्येक वाक्यात मूळ शब्द घुसवायची गरज नाही.

• मॅपवरच्या दुकानाच्या नावात कीवर्ड घालू नका. पाटीवर जे नाव आहे तेच नियमाने चालतं, नाहीतर प्रोफाईल बंद होऊ शकतं. न्यूयॉर्कमध्ये एका हॉटेलवाल्याने हॉटेलचं खरं नावच ‘थाई फूड निअर मी’ ठेवलं होतं. गंमत म्हणून ठीक आहे, पण मॅपवरचा क्रम ठरवताना गुगल शब्द किती जुळतात यासोबत तुम्ही किती जवळ आहात आणि तुमचं किती नाव आहे हेही बघतं. दिव्याचं दुकान कीवर्ड लिहून नौपाड्यात येत नाही.

• सर्च कन्सोल हे गुगलचं फुकट टूल आहे. लोक कोणते शब्द टाकून तुमच्या साईटवर आले हे त्यात दिसतं. ते शब्द बघा, मग लिहा.

• इन्स्टाग्रामवर प्रोफेशनल अकाऊंट असेल तर १० जुलै २०२५ पासून तुमच्या पब्लिक पोस्ट गुगलवरही दिसू शकतात. म्हणजे कॅप्शनही आता सर्चचा मजकूर झाला. हॅशटॅगपेक्षा ‘कुठे, काय, कितीला, कधी’ या चार गोष्टी लिहिलेल्या बऱ्या.

आणि शोधताना

शब्द एकटा सोडू नका. ‘कल्याण रिझल्ट’ऐवजी कॉलेजचं नाव, कोर्स आणि वर्ष लिहा. ‘ठाणे’बरोबर शहर, जिल्हा की पोलीस स्टेशन ते लिहा.

कस्टमर केअरचा नंबर सर्चमधून उचलून फोन करू नका. ‘कस्टमर केअर’ हा फसवणूक करणाऱ्यांचा आवडता कीवर्ड आहे, कारण तो टाईप करणारा माणूस आधीच घाईत आणि वैतागलेला असतो. नंबर कार्डच्या मागून, बिलावरून किंवा कंपनीच्या ॲपमधून घ्या. पैसे गेलेच तर लगेच १९३० वर फोन करा. सुरुवातीचा तास-दोन तास महत्त्वाचा असतो.

घराच्या बाबतीत रेरा नंबर मिळाला की काम संपलं असं समजू नका. बांधकाम परवानगी खरी आहे का हे महापालिकेत विचारा, सातबारा बघा आणि वकिलाकडून टायटल सर्च करून घ्या. ‘सर्च’ हा शब्द इथे जुन्या अर्थाने, म्हणजे सरकारी दप्तरात जाऊन खात्री करण्याच्या.

आणि एखादं काम करून घेताना तीन खिडक्या फिरावं लागलं, शेवटी योग्य खिडकी सापडली, तर ते दहा ओळींत मराठीत कुठेतरी उघड लिहा. कुठल्या ऑफिसात, कुठल्या मजल्यावर, कोणते कागद, किती पैसे, कुठल्या तारखेला गेलात. त्यासाठी एसईओचा कोर्स लागत नाही. आपल्या शहरांबद्दलच्या रिकाम्या जागा कोणीतरी भरणारच आहे. आपण भरल्या नाहीत तर चार्टवाले आणि टँकरवाले त्या भरतील.